खोट्या पुलाचे नियम

मे लागला की आमच्या सोलापुरात सकाळी अकरानंतर रस्ता मोकळा होतो. एखादं कुत्रं दिसलंच तर उभ्या टेम्पोखाली, जीभ बाहेर काढून पडलेलं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी असं तापतं की नळाखाली धरलेला हात आपोआप मागं येतो. मी शहाबादी फरशीवर जुनी साडी ओली करून अंथरते आणि तिच्यावर आडवी होते. दहा मिनिटं पाठीला बरं वाटतं, तोवर साडी वाळून कडक.

यंदाही तेच चाललंय. आज सकाळी मात्र आडवं होता आलं नाही. पेपर उघडला आणि पहिल्याच पानावर फोटो: डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला आलेल्या पोरी, हातात पारदर्शक बाटल्या, उन्हात रांग. मी पेपर पालथा घातला. सून म्हणाली, "अत्ती, काय झालं? पाणी आणू?" मी म्हटलं, काही नाही गं, ऊन लागलं. घरात बसून ऊन लागलं म्हणे! वर्ष झालं, तरी असला फोटो बघून माझे हात गार पडतात. मेमध्ये. सोलापुरात.

गेल्या उन्हाळ्याचंच सांगते. सांगितल्याशिवाय ते खाली उतरायचं नाही.

मुक्ता माझी नात, माझ्या शिवूची एकुलती एक. बारावीनंतर ती परीक्षा दिली, मार्क कमी पडले. मग एक वर्ष घरी बसून पुन्हा तयारी. त्या वर्षात आमच्या घरात कुणी मोठ्यानं शिंकलंसुद्धा नाही. टीव्हीवर चादर टाकलेली. शिवू चिंचोळी एमआयडीसीत कामाला, सविता म्हणजे माझी सून बालवाडीत शिकवते. दोघं दमून आले तरी पोरीच्या खोलीपुढून चवड्यांवर चालायचे. मेच्या एका रविवारी पुन्हा परीक्षा झाली. संध्याकाळी पोरगी घरी आली, म्हणाली, "छान गेला पेपर." शिवूनं देवापुढं नारळ फोडला. निकाल जूनमध्ये. मधले पाच-सहा आठवडे पोरीला मोकळे, आणि त्या मोकळ्या आठवड्यांत तिनं तो खेळ काढला.

खेळ कसा, ते आधी सांगते, नाहीतर मी काय बोलते ते कळायचं नाही. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकीनं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीत शिरायचं. ती म्हणणार, समोर जंगल आहे, दिव्याचा उजेड दिसतोय. आपण सांगायचं, मी झाडावर चढते. जमलं की पडलीस ते फासा ठरवणार. फासाही कसला, वीस बाजूंचा! मी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा वाटलं, खडीसाखरेचा खडा आहे. मुक्ता गोष्ट सांगणारी. तिची मैत्रीण अर्शिया, ती तलवारवाली. श्रावणी चोर, तिच्या वडिलांचे टॉवेलचे माग आहेत, ती स्वतः इतकी सरळ की दुसऱ्याचा पेन चुकून आणला तरी रात्री परत द्यायला येईल.

"अज्जी, बस की गं. चार जण लागतात."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"तुला बोलता येतंय. तेवढं बस होतंय."

हे खरं. मी शाळा चौथीपर्यंतच शिकले. पुढचं सगळं रद्दीतून. उभा जन्म कडक भाकऱ्या केल्या, विकल्या. त्या बांधायला जी रद्दी यायची ती आधी वाचायची, मग भाकरी बांधायची. त्यामुळं मला पुष्कळ गोष्टींचा मधलाच तुकडा माहीत आहे, सुरुवात आणि शेवट माझा मी लावते. मुक्ताला हे ठाऊक. तिनं मला मायावी केलं. जे नाही ते दाखवणारी बाई. मी माझं नाव ठेवलं गुब्बी. आमच्यात घरी अर्धं कानडी चालतं, आणि कानडीत गुब्बी म्हणजे चिमणी.

पहिल्या दुपारची आठवण आली की अजून हसू येतं. खिडकीला ओला टॉवेल, कूलरचा घरघराट, मधे कोकम सरबताचे ग्लास. मुक्ता सांगत होती: नदी आहे, नदीपलीकडं दरवाजा, आणि तो राखायला अलीकडं सहा राक्षस.

"मला काय दाखवता येतं?" मी विचारलं.

"काहीही."

"केवढं?"

"केवढंबी."

मग मी पूल दाखवला. लाकडाचा. सगळ्या फळ्या उन्हानं काळ्या पडलेल्या, एक मात्र नवी, पिवळी, कालच बदललेली. कठड्यावर कुणीतरी हिरवं लुगडं वाळत घातलंय, त्याचं पाणी टपकतंय. पलीकडून एक म्हातारा शेळी ओढत येतोय आणि शेळी काही पुलावर पाय ठेवायला तयार नाही.

मुक्तानं फासा बाजूला ठेवला. मग म्हणाली, "राक्षस पुलावर जातात." आणि सहाच्या सहा नदीत.

"या अल्ला!" अर्शिया ओरडली. "अज्जी, तुमी तर एकदम खतरनाक!"

आठवडाभर मी कुणाला काही करूच दिलं नाही. सैन्य आलं, मी त्याहून मोठं सैन्य दाखवलं. राजानं अडवलं, मी राजाची मेलेली आई आणून उभी केली. तो रडायला लागला आणि आम्ही बाजूनं निघून गेलो. शेवटी अर्शियानं तलवारीची ताकद लिहिलेला आपला कागद दुमडून ठेवला. "मैं क्या हितं भाकऱ्या भाजने कू आयी क्या? सगळं अज्जीच करती!"

श्रावणी हळूच म्हणाली, "अय्यो, मला तर आठ दिवसांत एक कुलूपसुद्धा मिळालं नाही."

मुक्ता म्हणाली, "अज्जी, तुझी माया खेळ मोडतीय. तोल गेलाय. तुला बांधायला पाहिजे."

"बांध की."

तिनं बांधलं, ते असं की माझा जीवच गेला. नवा नियम: भास दिसला की समोरच्या प्रत्येकानं फासा टाकायचा, दहाच्या वर पडलं की त्याला खोटं कळलं. आता बघा, समोर सहा राक्षस असले की त्यातल्या दोघा-तिघांना कळणारच. ते ओरडणार, "खोटं हाय!" की बाकीच्यांनाही कळलं. दोन दुपारी माझी एक भिंत उभी राहिली नाही. तिसऱ्या दिवशी मी सरळ उठून स्वयंपाकघरात गेले आणि तांब्या घासायला बसले. तांब्या स्वच्छच होता.

मुक्ता मागं आली. "रुसलीस?"

"रुसू नको तर काय करू? असं कुठं असतं का? दिसलं की शंका, दिसलं की शंका! असं वागायला लागलं तर माणूस सकाळचा चहा तरी पिईल का? दूधवाल्यानं काय घातलंय, कपाला तडा आहे का, सून काय मनात धरून आहे..."

"मी ऐकतीय हं," सविता आतल्या खोलीतून म्हणाली.

"तुला नाही म्हटलं गं. उदाहरण दिलं." मग मुक्ताला म्हटलं, "बाजारात ज्वारीवाली म्हणते, मालदांडीच हाय बघा. दहा बायकांतल्या नऊ जणी मान हलवतात आणि पिशवी पुढं करतात. एखादीच थांबते. मूठभर घेते, दाणा दाताखाली धरते. कळतं तिला, कळत नाही असं नाही. पण तेवढ्यात तिची रिक्षा भरून निघून जाते. शंका फुकट नाही मिळत, पोरी. शंका घ्यायला थांबावं लागतं."

मुक्ता पळत गेली आणि वही घेऊन आली.

त्या दुपारी आम्ही चौघींनी नियम केले. मला तर ग्रामपंचायतीत बसल्यासारखं वाटलं. पहिला: ज्याला शंका घ्यायची त्याचा तो डाव जातो, तलवार उचलायची की निरखून बघायचं, एकच काहीतरी. दुसरा: नुसतं 'खोटं आहे' म्हणून चालणार नाही. काय खटकलं ते सांगायचं. पुलाची सावली पाण्यात दिसत नाही, म्हाताऱ्याच्या पायांना धूळ नाही, असं काहीतरी. सांगता आलं तरच फासा. हे दोन्ही माझे. तिसरा मुक्ताचा. ती म्हणाली, "मायावीनं जितकं बारीक सांगितलं, तितका भास पक्का. पण जे जे सांगितलं, ते ते समोरच्याला पकडता येणार. लुगडं सांगितलंस तर लुगड्याला हात लागणार."

"म्हणजे बोलून अडकायचं?"

"व्हय. तुझ्यासाठीच केलाय."

खरं सांगते, त्यानंतर खेळ रंगला. आता मी बोलण्याआधी विचार करायला लागले. दोन गोष्टी सांगायच्या आणि तिसरी ओठांवर आली की गिळायची. मी भास उभा करायची आणि त्याच्या आडून श्रावणी कुलूप फोडायची, अर्शिया तलवार घेऊन शिरायची. तिघींना काम मिळालं. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मला एकेक गोष्ट सुचायची. आपण माणसं कितीदा काय बघतो आणि खटकूनही पुढं जातो! आमच्या समोरच्या बाई रोज सांगायच्या, सून फार चांगली, हातात चहा देते. आणि त्यांच्या पदराला चहाचे डाग, स्वतः गाळताना उडतात तसे. मला ते डाग वर्षानुवर्षं दिसत होते. मी कधी थांबले? माझी भाकरी तव्यावर होती ना.

आणि एक गोष्ट नियमात लिहायची राहिली होती, ती मला नंतर कळली. समोरच्याला जे हवंय तेच दाखवलं, तर फाशाची वेळच येत नाही.

तो दिवस गुरुवार होता. आमच्याकडं त्या दिवशी पाणी येतं, म्हणून लक्षात आहे. सगळ्या बादल्या, कळश्या, पिंप भरून झाली होती, माझे हात दुखत होते. खेळ मधेच थांबवून पोरी सरबत पीत होत्या. अर्शियानंही तीच परीक्षा दिली होती, तिचं केंद्र वेगळं. ती तिच्या केंद्राची गंमत सांगत होती.

"नाकातली चमकी निघतच नव्हती! गेटवरची बाई म्हणती, काढ. अम्मी हितनं ओढती, मी रडती. शेवटी एका आंटीनं पर्समधून तेल काढलं, तेल लावून काढली. और ताईत बी नक्को बोले. कसलीबी डबी, कसलाबी धागा नक्को. सगळं अम्मीच्या हातात देऊन गेले मी. नंगे गले से!"

श्रावणी हसली. मीही हसले. मुक्ता फासे एका ओळीत लावत होती.

आणि मला खटकलं.

आमच्यात गळ्यात इष्टलिंग असतं. चांदीच्या लहानशा डबीत, दोऱ्यात बांधलेलं. ते अंगावेगळं करायचं नसतं. झोपताना नाही, आंघोळीला नाही. आदल्या वर्षी परीक्षेला गेटवर ते काढायला लावलं होतं. नियम तो नियम, धातू आत नाही. तेव्हा शिवूनं ते आपल्या तळहातावर घेतलं, वर रुमाल धरला, आणि पोरगी बाहेर येईपर्यंत लिंबाच्या झाडाखाली उभा राहिला. बसला नाही, पाण्याचा घोट घेतला नाही. दुसऱ्या हातानं घाम पुसत तीन तास. घरी आला तेव्हा त्याचा तो हात सरळ होत नव्हता.

दुसऱ्या खेपेला त्याला रविवारचीही शिफ्ट आली. मी आठवडाभर जिवाला लावून घेतलं, लिंग धरणार कोण? तेव्हा मुक्ता म्हणाली, "अज्जी, यंदा चालतंय. मी विचारलंय." माझा जीव भांड्यात पडला. मीच सकाळी तिचा दोरा बदलला, माझ्या पद्धतीची गाठ मारली, तीन वेढ्यांची, सोडल्याशिवाय दोरा डोक्यावरून निघू नये अशी. शिवू तिला गेटवर सोडून कामावर गेला. संध्याकाळी सविता घेऊन आली. रात्री पोरीचे केस विंचरताना मी दोरा बघितला होता. माझी गाठ. जशीच्या तशी.

हातातला ग्लास मी खाली ठेवला, तो फरशीवर वाजला. त्याच शहरात, त्याच दिवशी, त्याच परीक्षेला अर्शियाच्या नाकातली चमकी चालत नाही आणि आमच्या पोरीची चांदीची डबी चालते?

"अज्जी, तुमचा डाव," श्रावणी म्हणाली.

"मी थांबते," मी म्हटलं.

"काय बघायला? समोर तर नुसतं माळरान हाय."

"थांबते गं."

मुक्तानं वर बघितलं. तिला कळलं. तिच्या तोंडावरून कळलं मला की तिला कळलं. तरी तिनं गोष्ट पुढं सांगितली, माळरान, वारा, लांबून मेंढरांच्या घंटा. आवाजात एक कंप नाही. मला माझ्या नातीची भीती वाटली त्या क्षणी. खोटं का सांगू?

साडेपाचला पोरी गेल्या. सविता गच्चीवर वाळवण गोळा करत होती. मुक्ता कागद आवरत होती. मी म्हटलं, "मुक्ता, मला काय खटकलंय ते सांगू?"

ती म्हणाली, "नको."

आणि खाली बसली. मग तिनं सांगितलं. शिवूची गाडी वळली. ही रांगेत उभी राहिली. गेटवरच्या बाई डबीकडं बघून म्हणाल्या, हे काढ, बाळ, कुणाकडं तरी देऊन ये.

"मला माहीत होतं काढावं लागंल," मुक्ता म्हणाली. "विचारलं बिचारलं काही नव्हतं मी. अप्पांची शिफ्ट बुडू नये म्हणून बोलले. वाटलं, कुणीतरी ओळखीचं भेटंल. मागं आले. गळ्याशी हात नेला. कुणाला देऊ? आणि अज्जी, मला एकदम बरं वाटलं."

"बरं?"

"निमित्त मिळालं. मला आत जायचंच नव्हतं. वर्षभर नव्हतं जायचं. दोनदा नापास व्हायचं नव्हतं मला. रांग पुढं गेली. गेट लागलं. मी बघत उभी राहिले."

"आणि मग? तीन तास?"

"एसटी स्टँडवर. बायकांच्या बाकावर, पंख्याखाली. गाड्या लागत होत्या, अक्कलकोट, टेंभुर्णी, वेळापूर. एका गाडीत बसावंसं वाटलं, नाही बसले. मग नकाशा काढला. हा." तिनं हातातला कागद उघडला. नदी, दरवाजा, राक्षस. "पाच वाजता गेटपाशी आले आणि बाहेर पडणाऱ्या पोरींत मिसळले. आई म्हणाली, कसा गेला? मी म्हटलं, छान."

मी कपाळाला हात लावला. ज्या नदीवर मी रोज हसत हसत पूल बांधत होते, ती नदी पोरीनं तिथं, त्या बाकावर काढलेली! आणि आम्ही सरबत पीत तिच्यात राक्षस बुडवत होतो.

"निकाल लागल्यावर काय सांगणार होतीस गं?"

गच्चीवरून सविताचं पातेलं सरकवल्याचा आवाज आला.

"त्या दिवसाच्या पुढचं मला काही दिसतच नव्हतं, अज्जी. खरंच. काहीच नव्हतं तिथं."

मी तिचं मनगट धरलं. आजवर मी माणसं जाताना बघितली आहेत, भूक बघितली आहे, पण असं वाक्य ऐकलं नव्हतं. अठरा-एकोणीस वर्षांची पोर, आणि तिच्यापुढं तीन आठवड्यांनंतर काहीच नाही. आणि आम्ही तिघं मोठी माणसं त्याच घरात. चवड्यांवर चालतोय, आवाज करत नाही, आणि बघतही नाही. तिनं भास फार चांगला केला होता असं नाही. बारीक बारीक गोष्टी किती सांगितल्या होत्या तिनं! परीक्षेच्या वर्गातला पंखा वाजत होता, तिथल्या बाईंची साडी पिवळी होती, शेजारच्या मुलीला शिंका येत होत्या. एकीलाही आम्ही हात लावला नाही. शिवूला शिफ्ट, सविताला शाळा, मला भाकऱ्या. थांबायचं कुणी? आणि थांबायचं होतं तरी कुणाला? छान गेला म्हणाली, आम्हाला तेच पाहिजे होतं.

"आज सांगायचं," मी म्हटलं. "अप्पाला, आईला. मी शेजारी बसते."

"अप्पा मरतील."

"अप्पा मरत नाहीत. सुम्म कूड." म्हणजे गप बस. मला कानडी येतं ते असं, घाबरले की.

शिवूची गाडी वाजेपर्यंत मी तिचं मनगट सोडलं नाही. तो दिवेलागणीला आला, दारातच बसून बूट काढायला लागला. सविता पाणी घेऊन आली. मुक्तानं उभ्या उभ्या सांगितलं, चार वाक्यांत. सवितानं पाणी खाली ठेवलं. "माझ्याशी तरी बोलायचंस की गं," एवढंच ती म्हणाली आणि पोरीला जवळ ओढून रडायला लागली.

शिवू हातात एक मोजा धरून बसला होता. मला वाटलं, आता ओरडेल. मी मधे पडायला तयार होते. तो ओरडला नाही. पडलेल्या आवाजात म्हणाला, "मग आता मी काय सांगू?"

"कुणाला?" मी विचारलं.

"चिंचोळीत. मी तर गेल्याच वर्षी सांगून बसलोय."

"काय सांगून बसलायस?"

त्यानं मोज्याची घडी घातली. "पोरगी डॉक्टरकीला लागली म्हणून. कर्नाटकात. पयल्या वर्षाला हाय म्हणून."

सविताचं रडणं थांबलं. माझं तोंड उघडं ते उघडंच. हा माझा मुलगा. आयुष्यात एकदा पेरू चोरला होता आणि स्वतःच येऊन सांगितलं होतं. "अरे," मी म्हटलं, "अरे शिवू."

"निकाल लागला त्या दिवशी सगळ्यांनी विचारलं, अव्वा. तोंडातनं गेलं. मग रोज काय ना काय सांगावं लागतंय की. हॉस्टेल कसं हाय, जेवण कसं हाय. म्हटलं, तिकट असतंय. युगादीला यिऊन गेली म्हटलं. पेपर हाय म्हटलं. यंदा खरंच लागली असती तर मिटलं असतं सगळं."

मुक्ता आईच्या कुशीतून बाहेर आली. "अप्पा, खोलीत मी एकटीच हाय का?"

"न्हाई. रूममेट हाय."

"कोण?"

"बिदरची हाय एक," शिवू खाली बघत म्हणाला. "भाग्यश्री."

मुक्ता हसायला लागली. असं हसली की फरशीवर बसली, आणि हसता हसता कधी रडायला लागली ते कळलं नाही. शिवू उठून तिच्याजवळ गेला, एका पायात मोजा, एक पाय उघडा. तिच्या डोक्यावर हात ठेवून नुसता उभा राहिला. मी भिंतीला टेकले. ज्या घरात मायावी म्हणून मी एकटी मिरवत होते, त्या घरात हे दोघं वर्षभर माझ्या नाकासमोर काय काय उभं करत होते! आणि दोघंही एकमेकांसाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला शिवू तयार होऊन मुक्ताला म्हणाला, "चल."

"कुटं?"

"कंपनीच्या गेटवर. तितल्या टपरीवर समदे असत्यात. तू शेजारी हुबी ऱ्हा. तू हितं दिसलीस की मला माघार घेता येणार न्हाई."

मी म्हटलं, अरे तिला कशाला उभं करतोस चारचौघांत? पण मुक्ता चप्पल घालून तयार होती. गाडी गेली. त्या सकाळी माझ्या चार भाकऱ्या करपल्या. तव्यापुढं बसून मी एकेक चित्र बघत होते: माणसं हसतायत, कुणी टोमणा मारतंय, शिवू मान खाली घालून, पोरगी त्याच्या मागं. नऊच्या सुमारास मुक्ता रिक्षातून एकटी उतरली.

"काय झालं?"

"काही नाही झालं," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. "अज्जी, अप्पा मधोमध उभे राहिले. घसा खाकरला. म्हणाले, मी तुमास्नी वर्षभर खोटं सांगितलं. ही माझी पोरगी. डॉक्टरकीला न्हाई लागली. यंदा पेपरलाबी बसली न्हाई."

"मग?"

"सगळे माझ्याकडं बघायला लागले. एक जण म्हणाला, व्हय का? मला वाटलं, तुमाला पोरगा हाय, इंजिनिअरिंगला. दुसरा म्हणाला, न्हाई रं, तो देशमुखांचा. मग ते दोघं देशमुखांच्या पोराबद्दल बोलायला लागले. आणि टपरीवाले काका म्हणाले, बसा की ताई, हुब्या का? चहा साधा का पेशल?"

"आणि शिवू?"

"अप्पा बाकावर बसले. चहा बशीत ओतला आणि बशी तशीच हातात धरून बसले. भोंगा झाला तेव्हा गेले आत."

मी करपलेली भाकरी उलटली, पुन्हा उलटली. मुक्ता माझ्याजवळ पाटावर बसली आणि भूक लागलीय म्हणाली. तिनं दोन भाकऱ्या खाल्ल्या, करपलेल्याच, शेंगाच्या चटणीबरोबर. आता ती इथल्याच कॉलेजात संख्याशास्त्र शिकते, आवडीनं शिकते, आणि आज फोटोतली ती रांग बघून माझ्याइतकी दचकलीसुद्धा नाही. माझं मात्र मन त्या टपरीवरून निघत नाही. सबंध एक वर्ष माझा मुलगा रोज सकाळी उठून, त्या बाकावर बसून, बिदरच्या भाग्यश्रीला हॉस्टेलात तिखट जेवण वाढत होता. आणि तिकडं बघत कुणीच नव्हतं.